पायाळूचा पाय

नांदेडला उन्हाळ्यात आता सकाळीच मोबाइल वाजतो. उष्णतेची लाट. दुपारनंतर तुरळक ठिकाणी विजांसह वादळी पाऊस. झाडाखाली थांबू नका. बायको चहा गाळता गाळता मोठ्यानं वाचते आणि मी काहीतरी शोधायच्या निमित्तानं आतल्या खोलीत जातो. मला ऊन सोसत नाही, असा तिचा समज आहे. तो मीच करून दिलेला.

लातूर जिल्हा तेव्हा नवा नवा झाला होता आणि पावसानं पाठ फिरवली होती. मी एकोणीस-वीस वर्षांचा. देवणीच्या बाजूला, माझ्या आजोळच्या शिवारात, पाझर तलावाचं दुष्काळी काम निघालं होतं. तिथं मला हजेरी घ्यायला लावलं. पांढरा सदरा, खिशाला पेन आणि मामांचा रेडिओ. सकाळी रेडिओवर हवामान ऐकायचं आणि हजेरी झाली की ते सगळ्यांना सांगायचं, हे काम माझं नव्हतं. मीच अंगावर घेतलं होतं. शिकलेला दिसायचो ना.

“लातूर जिल्ह्यात उष्णतेची लाट,” असं मी म्हणालो की बायका पदर सारखा करायच्या, जणू कुणी नाव घेऊन हाक मारलीय. “तुरळक ठिकाणी वादळी पाऊस,” म्हणालो की एक म्हातारा हमखास विचारायचा, “सायब, ते तुरळक ठिकाण कोणच्या तालुक्यात येतंय?”

“आपल्या तालुक्यात न्हाई, एवढं पक्कं,” दुसरा म्हणायचा. “आपल्याला नुसता जिल्हा भेटला. पाऊस जुन्या जिल्ह्याकडंच ऱ्हायला.”

त्या उन्हाळ्यातलं मला आता तुकड्यातुकड्यानं दिसतं. अकराच्या पुढं बांधावरची माणसं जमिनीपासून वीतभर वर तरंगायला लागायची. डोक्यावर पाटी घेतलेली बाई चालत येतेय की आठवणीतून येतेय, कळायचं नाही. कोरड्या तलावाच्या पोटात रोज त्याच जागी पाणी चमकायचं, आणि म्हशीसुद्धा आता त्याला फसत नव्हत्या. सगळं फार लांबचं वाटायचं. माझा स्वतःचा हातसुद्धा.

त्या गर्दीत एक मामी होती. सख्खी नव्हे, आजोळच्या गावात सून म्हणून आलेली प्रत्येक बाई आम्हाला मामीच. चाळिशीला टेकलेली, आवाजानं दांडगी. ती पायाळू होती, म्हणजे पायाकडून जन्मलेली. आमच्याकडं असं मानतात की पायाळूच्या पायाला गुण असतो. कमरेत उसण भरली की पालथं पडायचं, पायाळूनं पाठीवरून पाय फिरवायचा, उसण उतरते. दगडमातीच्या कामावर कमरा रोजच धरायच्या. दुपारच्या सुट्टीत पत्र्याच्या शेडमध्ये मामीपुढं बायका ओळीनं पालथ्या पडायच्या.

“वैनी, हळू! बरगडी हाय ती, ढेकूळ न्हाई.”

“गप पड. दिवसभर धोंडे उचलतीस, अन् माझा पाय जड व्हतो व्हय?”

सगळं शेड हसायचं. आणि याच लोकांचं असंही मानणं होतं की वीज पायाळूला हुडकत येते. गुण आला की मामी, आभाळ गरजलं की पायाळू.

मीसुद्धा पायाळू आहे.

हे वाक्य मी आज पहिल्यांदा लिहितोय. माझा जन्म आजोळीच झाला. तेव्हा आईजवळ दोघीच होत्या, म्हातारी सुईण आणि तिच्या हाताखाली ही मामी. पायाळू म्हटलं की लेकराला पावसाळाभर घरात कोंडतात, म्हणून आईनं दोघींकडून शब्द घेतला. सुईण पुढं वारली. मी जाणता झाल्यावर आईनं मला बजावलं, “तुझं तुला ठावं, मला ठावं, अन् तुझ्या त्या मामीला.”

त्या दिवशी सकाळी मी रेडिओवरचं सांगितलं होतं. ऊन धोक्याचं, दुपारनंतर विजा. कुणी मनावर घेतलं नाही. दोनच्या सुमाराला वारा एकदम पडला. झळ थांबली, पाखरं थांबली, आणि उदगीरच्या बाजूनं आभाळ शाईच्या दौतीसारखं भरून आलं. उजेड पिवळा झाला. त्या उजेडात सगळ्यांचे चेहरे जुन्या फोटोतल्यासारखे दिसत होते. मग धूळ उठली आणि आम्ही सगळे शेडमध्ये घुसलो. म्हातारेकोतारे, झोळीतली लेकरं, पाट्या, फावडी, सगळं एकावर एक.

पहिली वीज समोरच्या टेकडीवर पडली. दुसरी अलीकडं.

“कुणी पायाळू हाय का ग यात?” लांबच्या गावची एक बाई ओरडली. लेकरू छातीशी धरलेलं. तिला ठाऊक नव्हतं. बाकीच्यांना होतं. कुणी मामीचं नाव घेतलं नाही, पण तिच्याभोवती हळूहळू जागा मोकळी झाली. एवढ्या दाटीत कशी झाली, देव जाणे.

“सायब, तुमीच सांगा आता,” म्हातारा म्हणाला. या खेपेला तो हसत नव्हता.

मला म्हणता आलं असतं की हे सगळं खोटं आहे. म्हणता आलं असतं की मीपण पायाळू आहे, मलापण काढा. पुढं कितीतरी वर्षं मी मनाची समजूत घालत आलो की मी घाबरलेल्या लोकांपुढं वाद घातला नाही, एवढंच. तसं नाही. माझा त्या गोष्टीवर विश्वास होता. त्या क्षणी माझ्या तळपायांना मुंग्या येत होत्या, आणि मला वाटलं, एक पायाळू बाहेर गेला तर वीज त्याला घेईल, दुसऱ्याला सोडेल.

मी म्हणालो, “मामी, जरा वेळ बाहेर बसता का?”

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग खाली, माझ्या पायांकडं. मी वाट पाहिली, आता बोलेल. एरवी मला बाळा म्हणणारी ती मामी म्हणाली, “बसते की, सायब.” एक रिकामी पाटी उचलून डोक्यावर पालथी घातली आणि निघाली.

गारा सुरू झाल्या. पत्र्यावर असा आवाज की आतली लेकरं रडताना फक्त तोंडं उघडलेली दिसत होती. उघड्या माळावर मामी उकिडवी बसलेली, पाटीखाली घडी झालेली. वीज चमकली की ती दिसायची, मग नाहीशी व्हायची, मग पुन्हा दिसायची. मी ते अजून बघतोय.

वीज तिच्यावर पडली नाही. आमच्यावरही नाही. लांब एका बाभळीवर पडली. आभाळ निवळल्यावर मामी आत आली, हातांवर गारांचे लाल वळ उठलेले. चार दिवसांनी बायका पुन्हा तिच्यापुढं पालथ्या पडल्या. तिनं पुन्हा पाय दिला. मी रेडिओ मामांना परत केला.

यंदा वैशाखात देगलूरला गेलो. मामी तिथं लेकीकडं असते. मोबाइलवर तोच इशारा होता, बाहेर तीच भट्टी. मामी बाजेवर कुशीला पडलेली. लेक, जावई, शेजारची एक बाई, सगळी होती. मी त्यांच्यासमोरच सांगितलं. शेडचं, माझ्या जन्माचं, सगळं. बोलताना स्वतःचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटत होता.

“ठावं हाय की,” मामी म्हणाली. “तुझे पाय पयले म्याच धरले.”

“मग बोलला का नाही तुम्ही?”

“तुझ्या आयला सबूद दिला हुता.” तिनं पदर सारखा केला. “पण लई भ्याले रे मी. पाटीखाली बसून तुला लई शिव्या घातल्या.”

“घालायलाच पाहिजे होत्या.”

“आता मोप दिस झाले. सगळ्या आठवत बी न्हाईत.” मग ती कण्हत पालथी झाली. “चार दिसांपासून उसण भरलीया. हितं पायाळू कोण हाय? दे पाय.”

“मामी, तुमच्या अंगाला पाय कसा...”

“भाईर बसवलंस तवा बरं जमलं. दे म्हणते.”

शेजारची बाई हसायला लागली आणि थांबली. मी चप्पल काढली. उजवा पाय तिच्या पाठीवर ठेवला. लुगड्याखाली तिची हाडं पाखरासारखी हलकी लागली. बाहेर, राज्याच्या सीमेपलीकडं कुठंतरी, गरजत होतं.

“खाली,” मामी म्हणाली. “जरा खाली. हां. तिथंच.”