आधी हात गरम कर

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी आईच्याही आधी महादेवी कलशेट्टी मॅडमचं नाव घेतो, आणि आईला त्याचं वाईट वाटत नाही. सोलापुरातल्या एका नर्सिंग कॉलेजात त्या आम्हाला शिकवायच्या. त्या गेल्याचा फोन आला तेव्हा मी मिरजेत, वसतिगृहाच्या गच्चीवर कपडे वाळत घालत होतो. फोनवर त्यांची धाकटी बहीण होती, निलम्मा मावशी. "अक्का गेली रे. दुपारी झोपेतच..." मी रडलो नाही. कशानं, हेही विचारलं नाही. माझ्या तोंडून एकच शब्द गेला, "पाठ?" मग त्या म्हणाल्या, "तू ये. तूच बघ," आणि फोन ठेवला. रात्रीच्या एस.टी.त बसलो. सांगोला गेलं, मंगळवेढा गेलं, आणि मला नुसती भीती वाटत होती. माणूस गेल्यावर आता कसली भीती, असं वाचणाऱ्यांना वाटेल. म्हणून ती कुठून आली ते आधी सांगतो.

मी वैरागचा. वडील बाजार समितीत हमाल होते. मी नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला असताना तुरीच्या पोत्यांची थप्पी त्यांच्यावर कोसळली आणि कमरेखालचं अंग गेलं. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. आईनं त्यांना खाटेवर ठेवलं, दोन वेळा अंग पुसलं, हातानं भरवलं. माकडहाडावर लाल चट्टा उठला तेव्हा ती खोबरेल तेल लावून रोज तो जोरानं चोळायची. कुणीतरी सांगितलं म्हणून स्कूटरची ट्यूब फुगवून खाली दिली. चट्टा काळा पडला, मग फुटला. त्या जखमेचा वास घरभर झाला. आई ऊद जाळायची, पण उदाच्या खालून तो वास यायचाच... वडील मणक्यानं गेले नाहीत, त्या जखमेनं गेले. त्यांना काहीच कळत नव्हतं, कारण तिथं त्यांना दुखतच नव्हतं. मला याचीच सगळ्यात जास्त भीती बसली, की माणूस कुजत जातो आणि त्याला पत्ताही नसतो.

दुसऱ्या वर्षी मॅडमचा पहिला तास होता. विषय होता शय्याव्रण, म्हणजे एका जागी पडून राहिल्यानं होणाऱ्या जखमा. मॅडमनी पुस्तक उघडलंच नाही. आम्हा सगळ्यांना प्रॅक्टिकलच्या हॉलमध्ये लाकडी फळ्यांवर उताणं झोपवलं. "तास संपेपर्यंत हलायचं नाही. नाक खाजलं तरी नाही. डास बसला तर त्याला नमस्कार करायचा." पोरं हसली. थोड्या वेळानं हसणं थांबलं. माकडहाडाखाली निखारा ठेवल्यासारखं व्हायला लागलं आणि मी ताडकन उठून बसलो. तास संपल्यावर मॅडमनी मला थांबवलं आणि म्हणाल्या, "तू दुखतंय म्हणून नाही उठलास. कोण होतं घरात?" मी सांगितलं. पुढच्या रविवारी त्या एस.टी.नं वैरागला आमच्या घरी आल्या.

आई गडबडून गेली. चहा ठेवला, साखर जास्त घातली. बोलता बोलता तिनं तो प्रश्न विचारला, जो तिनं मला कधीच विचारला नव्हता. "बाई, मी त्येल चोळलं म्हून झालं का वो त्यास्नी?"

लाल झालेली जागा चोळली की आतलं मांस आणखी फाटतं, हे आम्ही आठवड्यापूर्वीच शिकलो होतो. मॅडम आता काय सांगणार? त्यांनी कप खाली ठेवला, आईचा हात हातात घेतला. "आक्का, हे कुणीतरी तुमच्या दारात येऊन सांगायला पाहिजे होतं. कुणी आलं नाही. चूक न येणाऱ्यांची हाय, तुमची न्हाय." मॅडम एरवी शुद्ध बोलायच्या, त्या दिवशी आईशी आईसारख्या बोलल्या. आई खूप वेळ रडली, आणि त्यानंतर घरात ऊद जाळायचं बंद झालं.

पदवी मिळाल्यावर मॅडमनी मला आपल्या संशोधनात मदतनीस म्हणून घेतलं. पगार थोडा म्हणून दंतविभागाच्या शेख सरांकडे दुपारचं कामही मिळवून दिलं. शेख सरांचा विषय जबड्याच्या सांध्याचे विकार कसे ओळखायचे, हा होता. सकाळी पाठी, दुपारी जबडे, असा माझा दिवस. मॅडमचं संशोधन ऐकायला साधं होतं. महागडी हवेची गादी ज्यांना परवडत नाही त्यांच्या जखमा घरच्या वस्तूंनी टाळता येतील का? त्यासाठी त्या आपली सोलापुरी चादर वापरायच्या. घडी पोटरीखाली अशी द्यायची की टाच हवेत राहिली पाहिजे. घडी किती जाड, कुणाला कशी, यावर त्यांची वर्षं गेली. आणि कुठलीही गादी, कितीही भारी कंपनीची असो, त्या खाली तळहात घालून बघितल्याशिवाय मान्य करायच्या नाहीत. रुग्णाचं हाड हाताला टेकलं की गादी नापास. पण हात घालण्याआधी दोन्ही तळवे एकमेकांवर चोळायचे. "आधी हात गरम कर. थंड हात लागला की माणूस दचकतो, अंग आवळतो, मग तुला काय कळणार? कप्पाळ?"

लाल चट्टा दिसला की बोटानं दाबायचं. बोट उचलल्यावर जागा पांढरी पडून पुन्हा लाल झाली तर अजून वेळ आहे. लालच राहिली तर जखम आतून सुरू झाली. बोट उचलायच्या त्या क्षणाची मला इतकी धास्ती असायची, की मी दात आवळून धरायचो. ते मला माहीतही नव्हतं. एका सकाळी उठलो तर तोंड उघडेना. दोन बोटंसुद्धा आत जाईनात. आमच्या बाजारात सुपारी-तंबाखूचा मावा खाऊन तोंड बंद झालेली माणसं मी लहानपणापासून पाहिलेली, पुढं त्यांचं काय होतं तेही पाहिलेलं. मी कधी सुपारीही खाल्ली नव्हती, तरी मनात एकच शब्द आला, कॅन्सर. जबड्यांच्या विभागात रोज काम करणारा मी, पण स्वतःच्या बाबतीत सगळं शिकलेलं विसरलो आणि वॉर्डाच्या मागच्या जिन्यात जाऊन बसलो. मॅडमनी शोधून काढलं.

"बा इल्ली," त्या कन्नडमध्ये म्हणाल्या, म्हणजे इकडे ये. तळवे चोळले आणि दोन्ही कानांपुढं बोटं ठेवली. "उघड, जमेल तेवढं. मीट. परत उघड." त्यांच्या बोटांखाली काहीतरी टक्‌ झालं. "ऐकू आलं? हा सांधा बोलतोय, गाठ नाही. चल शेखकडं."

शेख सरांनी तपासलं आणि विचारलं, "रात को दाँत पीसता है क्या रे? कुणावर एवढा राग?"

मॅडमच म्हणाल्या, "राग कसला, भीती आहे ती. याची सगळी भीती जबड्यात साठते. वैराग, पाठीकडं बघताना तोंड सैल सोडायचं की. पाठ काय चावते काय तुला?" मी हसलो, आणि हसताना तोंड थोडं उघडलं. त्या मला नावानं कधी हाक मारत नसत. मी त्यांच्यासाठी 'वैराग'च.

निवृत्तीनंतर दोन पावसाळे झाले असतील, मॅडमना पक्षाघाताचा झटका आला. डावी बाजू गेली. बोलणं जड झालं, पण डोकं साफ होतं. लग्न केलेलं नव्हतं, घरात दोघी बहिणीच. मी ड्यूटी सांभाळून सकाळ-संध्याकाळ जायचो. दर दोन तासांनी कूस बदलायची, पोटरीखाली चादरीची घडी, रोज सकाळी एकेक हाड तपासायचं. मावशींना मी सगळं शिकवलं. ज्या बाईनं आयुष्यभर लोकांच्या पाठी वाचवल्या, तिच्याच पाठीला आपल्या हातून जखम झाली तर? या भीतीनं आम्हा दोघांना झोप लागत नसे. मॅडमच धीर द्यायच्या. "मला झाली तर तुझ्या पेपराला केस मिळेल रे." हा विनोद मला अजिबात आवडायचा नाही.

एका सकाळी चहा झाल्यावर मॅडमनी मोठी जांभई दिली आणि तोंड उघडंच राहिलं. लाळ गळायला लागली, शब्द फुटेना, नुसता घशातून आवाज. मावशी किंचाळल्या, "दुसरा झटका आला!" डॉक्टरांना फोन झाला, त्यांनाही तेच वाटलं. रिक्षा, अॅम्ब्युलन्स, कुठलं हॉस्पिटल... मी मात्र त्या धावपळीत त्यांना कुशीवर वळवून पाठ बघत होतो. भ्यालं की पाठ बघायची, ही आमची सवयच झाली होती. मॅडम उजवा हात हवेत हलवत होत्या. वाटलं, त्यांना श्वास लागतोय. मी जवळ गेलो तसं त्यांनी माझं मनगट पकडलं आणि माझी बोटं ओढून स्वतःच्या कानापुढं ठेवली. तिथं सांध्याचा उंचवटा असायला हवा होता. बोटाखाली खड्डा होता. दुसऱ्या कानापुढंही खड्डा. जबडा सांध्यातून निखळला होता. मी त्यांच्याकडं बघितलं. तोंड तसंच उघडं, लाळ गळतेय, आणि डोळे मात्र म्हणत होते, कप्पाळ!

मी शेख सरांना फोन लावला. ते आले, अंगठ्यांना कापड गुंडाळलं, मागच्या दाढांवर ठेवून जबडा खाली दाबला आणि मागं सारला. टक्‌ आवाज झाला आणि तोंड मिटलं. शेख सरांनी हनुवटीला पट्टी बांधली. मग मॅडम त्या पट्टीतूनच, अडखळत पहिलं वाक्य बोलल्या, "सगळे... पाठीकडं... तोंडाकडं कोण बघणार?"

त्याच महिन्यात मला मिरजेला पुढच्या शिक्षणासाठी प्रवेश मिळाला. मी जाणार नाही म्हणालो. मी गेलो आणि कुठंतरी लाल झालं, मावशींच्या लक्षात आलं नाही तर... मॅडम म्हणाल्या, "निलम्माला तू शिकवलंस ना? मग तिच्यावर विश्वास नाही, की तुझ्या शिकवण्यावर?" मी पोटरीखालची चादरीची घडी उगाच नीट करत राहिलो. "जा. मोबाइलवर काही पाठवू नको, मला ती अक्षरं दिसत नाहीत. कागदावर लिही. ही मोठ्यानं वाचेल." मी भीत भीत गेलो.

आणि आता सकाळी एस.टी. सोलापुरात शिरत होती. घरी पोचलो तेव्हा बायका आतल्या खोलीत अंघोळीची तयारी करत होत्या. मला पुरुष म्हणून आत जाता येईना. दाराला पडदा होता. मी बाहेर उभा राहिलो आणि माझ्या लक्षात आलं, माझे तळवे आपोआप एकमेकांवर चोळले जात होते. मावशी पडद्याआडूनच बोलल्या, आवाज बसलेला. "वैराग, काल सकाळपर्यंत काही नव्हतं रे. आता सगळी पाठ जांभळी पडलीय. मी दाबून बघितलं, पांढरी होत नाही. एका दिवसात कशी झाली? मी वळवायला उशीर केला असेन..."

माझा जबडा आवळला. आवळल्याचं माझ्या ध्यानात आलं, तेव्हा मी तो सैल सोडला. "मावशी, हाडांवर बघा. खांद्याची हाडं?"

"तिथं... पांढरं आहे."

"माकडहाड?"

"तिथं सगळ्यात पांढरं आहे. कागदासारखं."

"कातडी?"

"धड आहे."

"टाचा?"

"धड आहेत रे."

मग मी त्यांना सांगितलं. हृदय थांबलं की रक्त खालच्या अंगाला साकळतं, म्हणून पाठ जांभळी दिसते. जिथं हाड गादीवर टेकलेलं असतं तिथं ते शिरू शकत नाही, ती जागा पांढरी राहते. जखम असती तर आधी तिथंच दिसली असती. "तुमच्या हातून काही झालेलं नाही मावशी. मॅडमची पाठ तुम्ही राखली." आतून रडण्याचा आवाज आला. फोन ठेवल्यापासून त्यांनी तो अडवून धरला असावा.

मॅडमच्या घरच्या रीतीनं देहाला मांडी घालून बसवतात आणि तसंच मातीत ठेवतात. कपाळाला विभूती लावून, फुलांमध्ये मॅडम वर्गात बसाव्यात तशा बसल्या होत्या. सगळे हात जोडत होते. मी मात्र बघत होतो की आता सगळा भार बैठकीच्या हाडांवर येतोय, आणि आता यांना कोण वळवणार... मी पाया पडायला वाकलो. चोळून गरम झालेला तळहात टाचेखाली घातला. टाच गार होती. मॅडम दचकल्या नाहीत.

परत निघताना मावशींनी मॅडमच्या उशीच्या अभ्र्यातून माझं पत्र काढून दिलं. रोज सकाळी पाठ बघून झाली की ते पुन्हा वाचायला लावायच्या म्हणे. मावशींच्या परवानगीनं ते इथं देतो.

"मॅडम,
सा. न. वि. वि.
इथं सगळं ठीक आहे. जेवण बरं आहे, भाकरी मात्र आपल्याकडची नाही. काल वॉर्डात एका आजोबांच्या खाली मी हात घालून बघितला तर सिस्टर म्हणाल्या, गादी नवीन आहे, कशाला बघता? मी म्हटलं, आमच्याकडं अशीच रीत आहे. हाड हाताला टेकलं. गादी बदलून घेतली. आजोबांनी विचारलं, तू कुठला? मी वैराग म्हणालो, आणि मला तुमची हाक आठवली.
मला अजून भीती वाटते मॅडम. सकाळी जाग आली की आधी तुमची पाठ डोळ्यांपुढं येते, मग बाकीचं जग. पण बोट उचलताना आता मी तोंड सैल ठेवतो. तुम्ही म्हणाला होता, पाठ काय चावते काय. चावत नाही, हे आता पटलंय. भीती गेली नाही, पण आता ती जबड्यात साठत नाही.
मावशी हे वाचत असतील तर त्यांना सांगा, की चादरीची घडी त्यांच्यासारखी मलाही जमत नाही.
पुढच्या महिन्यात सुट्टी आहे. रविवारी सकाळी पोचेन. पाठ तेव्हा मी बघेन, मावशींना झोपू दे.
हात गरम करूनच येतो.
आपला,
वैराग"