चौथी वाटी

गोठ्यातली म्हैस विकून तिथं माझ्या धाकट्या भावानं एक मोडकी गाडी आणून उभी केली, तेव्हा पहिली बोंब मी मारली. मी शहरात, सावेडीत राहते, सुट्टीला एस.टी.नं माहेरी जाते. सुप्याच्या अलीकडं रस्त्यापासून आत आमची वस्ती आहे. तिथं गेल्यावर माझ्या चहात पिशवीचं दूध आलं, आणि माझं डोकंच फिरलं.

"दूध देणारं जनावर घालवलंस आणि तेल पिणारं दारात बांधलंस," मी म्हणाले.

तो नुसता हसला. "ताई, लई गुणी जनावर हाय हे. फक्त याच्या पोटातलं तेल जागेवर राहिलं पायजे."

तो सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मशीनवर होता. सुट्टीच्या दिवशी माळावर गाड्यांच्या शर्यती होतात, तिकडं जायचं वेड त्याला कारखान्यातल्या एका मित्रानं लावलं होतं. जुनी छोटी गाडी घ्यायची, इंजिन खोलून पार बदलायचं, कंपनीनं ठरवलंय त्याच्या किती तरी वर पळवायचं. एवढ्या वेगानं फिरणाऱ्या इंजिनाला तेलच जिवंत ठेवतं, असं तो म्हणायचा. मी म्हणायचे, माणसालाही तेल लागतं रे, डोक्याला लाव थोडं.

एकदा त्यानं आईची कणकेची परात घेतली, तीत पाणी भरलं आणि मधोमध एक नळी धरली. इंजिनाच्या खाली तेलाचं असंच भांडं असतं, त्याला चेंबर म्हणतात. नळीतून पंप तेल ओढतो आणि वर पाठवतो. "आता गाडी जोरात वळली," असं म्हणून त्यानं परात गर्रकन फिरवली. सगळं पाणी एका कडेला गेलं, त्यातलं अर्धं आईच्या लुगड्यावर. मधली नळी उघडी पडली आणि सुर्र करून हवा ओढायला लागली. "हे सुर्र झालं की खेळ खलास. तेलाऐवजी हवा वर जाते, लोखंडावर लोखंड घासतं." म्हणून त्यानं चेंबरमध्ये मिसळणाच्या डब्यासारखे पत्र्याचे कप्पे बसवले. कप्प्यांना आतल्या बाजूलाच उघडणारी बारकी दारं केली, म्हणजे वळणावर तेल नळीपाशी येईल, पण पळून जाणार नाही. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "समजलं. परात घासून दे."

आमच्या घरची एक रीत आहे. खंडेनवमीला हत्यारांची पूजा सगळेच करतात, पण आमच्याकडं घरातल्या प्रत्येकानं आपल्या हातानं इंजिनात थोडं तेल घालायचं. आजोबांच्या वेळी विहिरीवर डिझेलचं इंजिन होतं, तेव्हापासूनचं हे. वडिलांना आम्ही तात्या म्हणतो. गाडी आली त्या वर्षी तात्यांनी पंगतीत तूप वाढावं तशा सैल हातानं तेल ओतलं. घ्या पोटभर! नंतर गाडी माळावर पळवली तर तेलाचा नुसता फेस. तेल जास्त झालं की आत फिरणारा दांडा त्यात बुडतो आणि रवीनं ताक घुसळावं तसं घुसळतो. मग पंप फेसच ओढतो. आणि फेस म्हणजे पुन्हा हवाच की. त्या दिवशी इंजिन थोडक्यात वाचलं.

"तेल जास्ती झाल्यानं कुनाचं वाईट झालंय व्हय?" तात्या फणकाऱ्यानं म्हणाले, पण मनातून फार खजील झाले होते.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, माझ्या गाडीला हात लावू नका. आमच्या येड्यानं काय करावं? त्यानं घरातल्या स्टीलच्या चार सारख्या वाट्या वेगळ्या काढल्या. तात्यांची, आईची, माझी आणि त्याची. चार वाट्या वजा जाता जेवढं तेल लागतं, तिथं मापाच्या कॅनवर खिळ्यानं रेघ मारली. आधी रेघेपर्यंतचं तेल तो घालायचा, मग चौघांच्या चार वाट्या. तेल बघायच्या पट्टीवर त्यानं कानशीनं बारीक खाच केली होती. चौथी वाटी पडली की तेल बरोब्बर खाचेवर यायचं. "जास्त न्हाई, फेस होतो," हे त्यानं तात्यांकडून घोकूनच घेतलं होतं. तात्या पाहुण्यांनासुद्धा सांगायचे.

मग पावसाळ्यात तो तापानं पडला. डेंग्यू. आठवडाभरात आमचं पोरगं गेलं. मला त्याबद्दल जास्त लिहिता येत नाही आणि लिहायचंही नाही. फार राग येतो. अजूनही येतो. एवढ्याशा डासानं धडधाकट माणूस न्यावा?

गाडी गोठ्यात तशीच उभी राहिली. त्याचा तो कारखान्यातला मित्र दर रविवारी यायचा आणि इंजिन पडून खराब होऊ नये म्हणून थोडा वेळ चालू करायचा. आई प्लास्टिकची खुर्ची घेऊन गोठ्याच्या दारात बसायची. मोबाईलमध्ये भावाचा आवाज आहे, हसणं आहे, पण ते ती ऐकत नाही. तिला हा इंजिनाचा आवाज पाहिजे असायचा. "त्याच्या हातचं एवढंच बोलतं राहिलंय," म्हणायची. गार इंजिन लवकर पेटायचं नाही, मित्र किल्ली फिरवून फिरवून वैतागायचा. "दम धर," आई म्हणायची, "त्याला जरा येळ लागतो." भाऊ सकाळी उठायचा नाही, तेव्हाही ती तात्यांना हेच सांगायची.

वर्षश्राद्ध झालं. मित्र म्हणाला, "मावशी, त्यानं ही शर्यतीसाठी बांधली होती. एकदा तरी पळवू द्या." नेवाशाकडं एका माळावर दसऱ्यानंतर शर्यत होती. आई गोठ्यात जाऊन गाडीवर हात फिरवून आली. मग म्हणाली, "पळव. पन मला ती बोलती परत पायजे. दारातनं आवाज करत आली पायजे."

खंडेनवमीला मित्रानं जुनं तेल काढलं, रेघेपर्यंत नवं भरलं. त्याला आमची रीत ठाऊक होती, त्यानं आम्हाला हाक मारली. तात्यांनी वाटी ओतली. मी ओतली. आईनं तिची ओतली. चौथी वाटीही तिनं काठोकाठ भरून आणली होती, पण ती घेऊन ती परत घरात गेली आणि भावाच्या फोटोपुढं ठेवून आली. "त्याचं त्याच्यापाशी असू दे," म्हणाली. पदरानं तोंड पुसत तिथंच बसली.

मित्रानं पट्टी काढून पाहिली. "तात्या, जरा खाली वाटतंय. घालू का थोडं?"

"नको," तात्या ठामपणे म्हणाले. "जास्ती झालं की फेस हुतो. त्यानंच सांगितलंय." पोराचा शब्द राखल्याचं समाधान त्यांच्या तोंडावर होतं. मित्रानं पट्टी पुसून परत घातली.

शर्यतीला मी आणि तात्या गेलो. आई घरीच थांबली. माळावर धूळ, पोरांचा कालवा, भेळेच्या गाड्या. मित्र चालवत होता; आमची गाडी सुटली आणि तात्यांनी माझा हात घट्ट धरला. काय आवाज होता तो! पहिला फेरा छान गेला. दुसऱ्या फेऱ्यात बाभळीजवळच्या लांबलचक वळणावर इंजिन किंचाळत होतं, आणि त्या किंचाळण्यात टकटक ऐकू यायला लागली. धुळीत मित्राला तेल कमी पडल्याचा लाल दिवा दिसेपर्यंत खाडकन काहीतरी तुटलं. गाडी सरकत जाऊन उभी राहिली. तात्या हात धरूनच उभे होते.

संध्याकाळी टेम्पोत घालून गाडी वस्तीवर आणली. आई दारात खुर्ची टाकून बसली होती, कान रस्त्याकडं. टेम्पोच्या आवाजाला ती उठलीसुद्धा नाही, दुसऱ्या कुणाचा असेल असं वाटलं असणार. टेम्पो दारात वळला तेव्हा तिला मागची गाडी दिसली.

गाडी गोठ्यात ढकलली. मित्रानं खाली वाकून बघितलं, तेल कुठं गळालं नव्हतं. इंजिन गार झाल्यावर त्यानं पट्टी काढली. तेल खाचेच्या चांगलंच खाली.

"गळालं नाही, मग कमी कसं?" तो म्हणाला. "रेघेपर्यंत मीच भरलं होतं. वर तुमच्या वाट्या..."

तो बोटांवर मोजायला लागला. मीही मनात मोजलं. तीनच. तात्यांनी मित्राच्या हातातल्या पट्टीवर खाचेपाशी बोट ठेवलं. "मीच नको म्हनलो," एवढंच म्हणाले आणि आमच्यासमोर मोठ्यानं रडायला लागले. पोराला अग्नी देतानाही ते असे रडले नव्हते.

आई घरात गेली. फोटोपुढची वाटी दोन्ही हातांत धरून, सांडू न देता आली. मित्रानं बूच उघडून दिलं. तिनं सावकाश तेल ओतलं, वाटी बोटानं निपटून घेतली. थोड्या वेळानं मित्रानं पट्टी पुसली, आत घातली, काढली आणि तिच्यापुढं धरली. तेल बरोब्बर खाचेवर होतं.

"झालं ना आता पुरं?" आई म्हणाली. "लाव चालू."

मित्रानं माझ्याकडं बघितलं. मी मान फिरवली. तो आत बसला, त्यानं किल्ली फिरवली. टक झालं, बाकी काही नाही. त्यानं परत फिरवली.

आई खुर्ची ओढून बसली होती. तात्यांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "चल गं आत. चल आता."

"थांबा की वाईच," ती म्हणाली. "त्याला जरा येळ लागतो."