छपरावरचे बूट

२००९ साली दुबईतल्या अर्ध्या इमारतींची कामे थांबली आणि आराखडे काढणाऱ्या सदानंदची नोकरी गेली. तेव्हा वसईच्या ॲल्फ्रेडने त्याला शारजातल्या आपल्या बुटांच्या कारखान्यात तपासनीस म्हणून चिकटवले. तो उपकार ॲल्फ्रेडने पुढली सहा वर्षे एक दिवसही विसरू दिला नाही, आणि सदानंदनेही एकही दिवस त्याचा द्वेष करायचे सोडले नाही.

अमिरातीचे सैन्य म्हणजे संचलनाची शोभा, असे कारखान्यात सगळेच धरून चालत. पण २०१४ मध्ये इथल्या तरुणांना लष्करी सेवा सक्तीची झाली, पुढच्या वर्षी फौजा येमेनच्या युद्धात उतरल्या आणि कारखान्यातल्या लष्करी बुटांची मागणी तिपटीने वाढली.

सदानंदची तपासणीची स्वतःची रीत होती. प्रत्येक खेपेतले सहा बूट तो तीन दिवस पत्र्याच्या छपरावर उन्हात ठेवी आणि मग टाच धरून वाकवी. ऑगस्टच्या खेपेत ॲल्फ्रेडने सोल चिकटवायला हलके सोल्यूशन वापरले होते. सहांपैकी चार बुटांचे सोल हातात आले.

"माल पास म्हणून सही कर, सदा," ॲल्फ्रेड म्हणाला. "छपरावर कोण लढायला चाललंय?"

"येमेनात सावली आहे का?"

"तुझे कोण मामा-काका आहेत तिकडे? त्यांचं सैन्य, त्यांची लढाई. यल्ला, चल, पेपर दे."

"देणार नाही."

"रस्त्यावरून उचलून आणलं तुला, आणि मलाच अक्कल शिकवतोस? व्हिसा कॅन्सल करीन. पोरीचं दहावीचं वर्ष आहे, ध्यानात ठेव."

मुलीचा उल्लेख त्या तोंडून ऐकला आणि सदानंदचे ठरले. त्या नकारात तत्त्व किती आणि वैर किती, याची वाटणी त्याने केली नाही. लष्कराचा तरुण अधिकारी माल पाहायला आला. ॲल्फ्रेड "हबीबी, हबीबी" करीत कॉफी ओतत असताना सदानंदने उघड्या सोलचा बूट मेजावर ठेवला. अधिकाऱ्याने तो उलटसुलट पाहिला.

"खलास," एवढेच म्हणून तो कॉफीला हात न लावता निघून गेला. सगळी खेप नाकारली गेली. त्याच आठवड्यात सदानंदचा व्हिसा रद्द झाला. देश सोडायला महिना उरला.

दुबईच्या ऊद मेथा भागातल्या शाळेत मुलीचा, आभाचा, दाखला काढताना अर्जावर कारण लिहायचे होते. त्याने लिहिले, 'वडिलांची बदली.'

"बाबा, दे वेअरन्ट इव्हन अवर सोल्जर्स," शेजारी उभी असलेली आभा म्हणाली.

"पाय तर त्यांनाही आहेत ना."

"अँड व्हॉट अबाउट मी?"

त्याने पेनाचे टोपण लावले. एरवी त्याला इंग्रजीतच उत्तरे देणारी आभा कारकुनाला ऐकू जाईल अशा स्वच्छ मराठीत म्हणाली, "बदली खोडा. हट्ट लिहा."

सदानंदने अर्ज तसाच खिडकीतून आत सरकवला.