चवथीचा मेन स्विच

लग्न झाल्यावर पुण्याची नोकरी सुटणार, हे डिचोलीच्या माझ्या माहेरानं गृहीतच धरलं होतं. मी नव्हतं धरलं. हात धुऊन साहेबांच्या मागे लागले आणि पार्शे गावातल्या सासरघरातून काम करायची परवानगी मिळवली. अट एकच होती. इंटरनेटच्या प्रत्येक जोडणीला आकड्यांचा एक पत्ता असतो. आमच्या घराचा पत्ता त्यांनी नोंदवला आणि सांगितलं, कंपनीच्या क्लाउडमध्ये तुला फक्त इथून शिरता येईल. जमत नसेल तर पुण्याला ये, नाहीतर राजीनामा दे.

माझ्या कामात हातात धरण्यासारखं काही नाही. परदेशातल्या कुठल्याशा इमारतीतल्या संगणकांवर मी जागा मागते आणि तिच्यात जाळं आखते. बाहेरच्या भागात गिऱ्हाइकाची वेबसाइट चालवणारं मशीन, आतल्या भागात त्याची माहिती सांभाळणारं, आणि कुणी कुणाशी बोलायचं याचे नियम. काजूच्या झाडांकडे उघडणाऱ्या एका जनेलापाशी बसून मी हे करते. या घरात माझं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच आहे.

चवथीला आमच्याकडे सगळी भावकी आपापली घरं बंद करून मोरजीच्या मूळ घरी जमते. गणपती सगळ्यांचा मिळून एक, आणि चूल सुनांची. लग्नानंतरच्या पहिल्या चवथीला, दुसऱ्या दिवशी सकाळी, मी तिथं नारळ खवत बसले होते आणि पुण्याहून फोन आला. गिऱ्हाइकाची वेबसाइट बंद पडली होती. जाळं मी मांडलेलं, तेव्हा मीच बघायचं. परदेशातल्या गिऱ्हाइकाला चवथ काय माहीत.

मी घरी जाऊन येते म्हणाले. सासूबाईंनी शांतपणे विचारलं, "आरती झाल्याशिवाय खंय जातंस गो?"

बाई वाईट नाही. पण तिनं असं विचारल्यावर निघता येत नाही. गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली उभी राहून मी टाळ्या वाजवत होते, कमरेला फोन थरथरत होता, आणि एक आरती संपली की कुणीतरी हौसेनं दुसरी सुरू करत होतं. मला सगळ्यांचा राग आला. गणपतीचासुद्धा आला, खोटं कशाला बोलू.

शेवटी सासरे स्कूटरवरून घेऊन गेले. बंद घरात अंधार. मोरजीला निघताना त्यांनी मेन स्विच पाडला होता, इन्व्हर्टरही बंद केला होता. सगळं चालू केलं तर तुटून पुन्हा जुळलेल्या जोडणीला नवाच पत्ता मिळालेला, आणि क्लाउड मला ओळखेना. साहेबांना फोन केला. त्यांनी नवा पत्ता घातला, मी अडकलेलं मशीन परत सुरू केलं, साइट उभी राहिली. मग ते म्हणाले, पुन्हा असं झालं तर मी पुण्यालाच यायचं.

सासरे दारात उभे राहून ऐकत होते. खाणीचे ट्रक चालवण्यात जन्म गेलेला माणूस. त्यांना फार वाईट वाटलं, तोंडावर दिसत होतं.

"माका काय म्हायत? घर बंद केल्यार सगळा बंद करूचा असता."

पुढच्या वेळी स्विच चालू ठेवून नुसतं कुलूप लावू, असं मी सुचवलं. रिकाम्या घरात वीज चालू ठेवायची, ही कल्पनाच त्यांना सहन होईना. शॉर्ट होऊन आग लागली तर? मग त्यांनीच तोडगा काढला.

"पुढच्या चवथीक तू हंयच रव. थंयचा आमी बघतलंव."

मोरजीला सगळ्यांना तो पटला. सुनेच्या नोकरीसाठी सासर एवढं करतंय म्हणून जावा माझ्याकडे कौतुकानं बघत होत्या. नको म्हणायला मला तोंडच उरलं नाही.

यंदा सगळे गेले आणि मी घरात राहिले. दुपारी सासूबाईंनी व्हिडिओ कॉल लावून गणपती दाखवला, मग फोन स्वयंपाकघरात फिरवला. धुरात जावा नेवऱ्या तळत होत्या, कशावरून तरी हसत होत्या. मला तिथं असायचं होतं. पाहुण्यांना सासूबाई अभिमानानं सांगत होत्या की आमच्या सुनेशिवाय कंपनीचं पान हलत नाही, सणालासुद्धा सोडत नाहीत बिचारीला.

मी मान डोलावली. त्या दिवशी कंपनीला सुट्टी होती.