गोळीसरांचं गाव

गोळीसर चालताना समोर कधी पाहत नसत. नजर कायम मातीत. चंद्रपूरच्या आमच्या कॉलेजात ते इतिहास शिकवायचे, मी भूगोल. सत्तावनच्या उठावाच्या वेळी इंग्रजी पलटणी आणि गोंड शिपाई जिथं भिडले, त्या जागा शोधत ते गडचिरोलीच्या जंगलात हिंडत आणि शिशाच्या जुन्या गोळ्या वेचून आणत. हे नाव त्यावरूनच पडलं. त्यांचे नकाशे मी काढायचो.

"कागदावर सगळेच जिंकतात. कोण कुठं उभं होतं, ते मातीला विचारा," असं ते म्हणत. गोळी सापडली की गाव, वावर, बांधापासूनचं अंतर लिहिल्याशिवाय ती उचलायची नाही, हा त्यांचा नेम. "जागा गेली की उरतं ते भंगार."

ऐंशीच्या दशकाची मधली वर्षं ती. जंगलात बंदूकवाले फिरू लागले होते, त्यांच्यामागे पोलीस. रेडिओवाल्याकडून बनवून घेतलेलं सरांचं धातू शोधायचं यंत्र कुंई करायचं आणि मी आधी झाडीकडे बघायचो.

एका हिवाळ्यात सोमीबाई नावाच्या गोंड बाईच्या वावरात ओळीनं गोळ्या निघाल्या. गोंड शिपायांची फळी उभी होती ती हीच जागा. सरांनी पेन काढलं, तशी सोमीबाई जवळ आली.

"गावाचं नाव नका लिहू, सर."

"बाई, लिहावंच लागतं."

"तुमी जाऊन राह्यले. आमाले इथीच राहाचं हाये. रातीचे येनारे इचारतील, दिवसाचे येनारेही इचारतील."

सरांनी पेनाला टोपण लावलं. मग काही न लिहिता त्यांनी गोळ्या रुमालात बांधल्या.

परतताना नाक्यावर पोलिसांनी आमची जीप अडवली. यंत्र पाहिलं, रुमाल सोडला आणि आम्हाला आत नेऊन बसवलं.

"ह्या गोळ्या जुन्या आहेत, ते दिसतेच," साहेब म्हणाले. "पन गाव कोनतं? तुमाले तिथी कोनं नेलं?"

"आठवत नाही," सर म्हणाले.

"शिकलेले मानसं तुमी. आठवत काऊन नाई?"

सरांनी पुन्हा तेच उत्तर दिलं. मधे कुणीतरी चहा आणून ठेवला. तो तसाच गार झाला. संध्याकाळी सुटलो. यंत्र आणि गोळ्या तिथंच राहिल्या.

ज्या निबंधासाठी सरांनी इतकी वर्षं जंगल तुडवलं, तो निबंध त्यांनी लिहिला नाही. जंगलात जाणंही सोडलं. कॉलेजात आल्याबरोबर मात्र ते पेपरचं आतलं पान उघडत. चकमक, धरपकड, जाळपोळ. त्यात ते गाव नाही हे पाहिल्यावरच तासाला जात.

निवृत्त होऊन ते नागपूरला गेले आणि तिथंच वारले. मी अजूनही पेपर आतल्या पानापासून वाचतो.