अब्बासभाईंच्या दुकानातली हॉकी

जिंकणाऱ्यांच्या घरी कप साठतात, हरणाऱ्यांच्या घरी किस्से. आमच्या मुरुडच्या हॉकी टीमनं आम्हाला इतके किस्से दिलेत की आता ठेवायला जागा उरली नाही! लोक म्हणतात, "सांगा की, तुमच्या हॉकीची गंमत." गंमत? भर उन्हात उभं राहून ज्यांनी घसा फोडून घेतला त्यांना विचारा गंमत काय असते ती! एकेक आठवलं की आजही माझी कानशिलं तापतात. तरी सांगतो. न सांगितलं तर जास्त तापतात.

नबाबाचं संस्थान विलीन झालं, त्यानंतरच्या दहा-पंधरा वर्षांतल्या या गोष्टी. संस्थान गेलं, हॉकी मात्र गावात राहिली. मी तेव्हा कचेरीत कारकून होतो. कचेरी सुटली की आम्ही चौघं बाजारातल्या अब्बासभाईंच्या शिलाईच्या दुकानात जमायचो. टीमच्या जर्सी शिवायचे अब्बासभाई, आणि टीमला पहिली शिवीही त्यांचीच असायची. दुसरे नाना गुप्ते. नारळी-पोफळीच्या मोठ्या वाडीचे मालक, पण कुणाशी आवाज चढवून बोललेले कधी ऐकले नाहीत. तिसरा कोळीवाड्यातला दामू तांडेल. मॅच असली की समुद्र कितीही चांगला असो, दामूची होडी किनाऱ्यावर! आणि चौथा मी.

दसऱ्याला सीझन सुरू व्हायचा. मैदानावरचं गवत कापलं, स्टिकांना तेल लागलं, की नाना दुकानात येऊन बाकावर बसत आणि जाहीर करत, "यंदा जिल्ह्याचा कप आपला."

एका वर्षी अब्बासभाईंच्या तोंडात टाचण्या होत्या. त्या काढून ते कडाडले, "नाना, गेल्या सालीबी तुम्ही हेच बोललात! पहिल्याच मॅचमध्ये बाहेर पडलो!"

"गेल्या साली माझा अंदाज होता," नाना शांतपणे म्हणाले. "यंदा खात्री आहे."

त्या वर्षी आम्ही पहिल्या मॅचपर्यंतही पोचलो नाही. वाटेत एसटी बंद पडली आणि आम्ही गैरहजर म्हणून समोरच्यांना पुढे चाल मिळाली! संध्याकाळी रस्त्याच्या कडेला, बंद गाडीला टेकून नाना म्हणाले, "पण हरलो नाही, हे लक्षात घ्या."

त्यांना तिथंच सोडून यावं असं मला वाटलं होतं.

* * *

दामूचा राग मोठा. पण त्याच्या बायकोचा, चंद्राबाईचा, त्याहून मोठा.

आमचं मैदान कोळीवाड्याला लागून. सीझनची पहिली प्रॅक्टिस म्हणून आम्ही सकाळी टीम घेऊन गेलो, तर अर्ध्या मैदानावर जवळा वाळत घातलेला! गुलाबी चादर पसरल्यासारखा. चंद्राबाई काठी घेऊन कावळे हाकलत बसलेली.

दामू धावतच गेला. "उचल ह्यो जवळा! माणसं खेळायला आलीयत, दिसत न्हाय तुला?"

"दिसतंय की."

"मंग? ह्ये मैदान हाय! हितं टीम तयार व्हते!"

चंद्राबाईनं काठी बाजूला ठेवली, पदर खोचला आणि साऱ्या टीमकडे एकदा नीट बघून घेतलं.

"तुमची टीम वरीसभर तयार व्हते नि हरून येते," ती म्हणाली. "माजा जवळा दोन दिसांत तयार व्हतो नि विकून येतो! आता सांग, मैदान कुनाचं?"

त्या दिवशी आम्ही उरलेल्या अर्ध्या मैदानावर प्रॅक्टिस केली. आमचा गोलकीपर बाळ्या ठाकूर तेवढा खूश होता. म्हणाला, "एका बाजूनं तरी आज गोल होणार नाही!"

* * *

जवळा परवडला. जवळा उचलता तरी येतो.

एका साली निवडणुकीची सभा म्हणून आमच्या मैदानात मांडव घातला. विचारलं कुणी? छे! चांगले हातभर खोल खड्डे खणले, खांब रोवले, भाषणं झाली. भाषणात पुढारी म्हणाले, देशाचं भवितव्य तरुणांच्या हाती आहे. दुसऱ्या दिवशी खांब नेले आणि खड्डे ठेवले. तरुणांसाठी!

आम्ही मांडववाल्याकडे गेलो. तो जेवत होता. अब्बासभाई दारातूनच ओरडले, "खड्डे कोण बुजवणार? आठवड्यावर मॅच आहे!"

मांडववाल्यानं घास गिळला. "बुजवू नका," तो म्हणाला. "पुढच्या निवडणुकीला लागतील."

नाना नसते तर अब्बासभाईंनी त्याला ताटासकट उचलला असता.

शेवटी आम्हीच वाळू टाकून खड्डे बुजवले. मॅचच्या दिवशी वाळू खचली. आमचा सेंटर फॉरवर्ड रज्जाक एकेकाला चकवत सुसाट निघाला, समोर फक्त गोलकीपर, आणि गुडघ्यापर्यंत आत! बॉल एकटाच घरंगळत पुढे गेला. गोलकीपरनं तो अलगद उचलून बाहेर मारला आणि मग रज्जाकला हात देऊन वर काढलं. त्या परक्या पोराला माणुसकी होती. पुढाऱ्याला नव्हती!

* * *

अंपायरांबद्दल बोलायचं नाही असं मी ठरवलं होतं. पण तो एक विसरता येत नाही.

जिल्ह्याच्या स्पर्धेत सेमीफायनल. बरोबरी चाललेली. रज्जाकनं सर्कलच्या आतून असा फटका हाणला की फळी वाजली ती बाजारापर्यंत ऐकू गेली असेल. गोल! आम्ही एकमेकांच्या गळ्यात पडलो. बघतो तर अंपायर बांधावर उभा, तोंडाला सोड्याची बाटली लावलेली! बाटली खाली ठेवून, तोंड पुसून, तो हात हलवून म्हणाला, "नो गोल."

नाना हात जोडून म्हणाले, "साहेब, बॉल अजून जाळीत आहे."

"मी पाहिलं नाही. मी पाहिलं नाही म्हणजे झालं नाही."

दामू पुढे झाला. त्याची छाती अंपायरच्या छातीला लागली.

"माजं आयक," दामू म्हणाला. "मी तुला पाह्यलाच न्हाय. म्हंजे तू बी न्हाईस! जो न्हाईच, त्याला हानला तर कोन साक्ष देनार?"

पोलीस आले. दामूला मैदानाबाहेर काढलं. आम्ही एका गोलनं हरलो. परतताना गाडीनं खाडी ओलांडली, तेव्हा दामू म्हणाला,

"रज्जाक हाय तवर पुढल्या साली आपल्याला कोन आडवतो, बघू."

* * *

पुढल्या साली रज्जाकच नव्हता.

मुंबईच्या एका कंपनीच्या माणसानं त्याला त्या मॅचमध्ये पाहिलं आणि नोकरी दिली. कंपनीच्या टीममध्ये खेळायचं, महिन्याला पगार घ्यायचा. गरिबाघरचा मुलगा, बाप नाही. जाऊ नको म्हणणार कोण? पण गेला कधी, तर आमच्या पहिल्या मॅचच्या आदल्या दिवशी! सारी टीम त्याच्याभोवती बांधलेली. त्याला निरोप द्यायला अब्बासभाई एसटीवर आले नाहीत. "त्याचं नाव माझ्या दुकानात घ्यायचं नाही," एवढंच बोलले.

बकरी ईदला रज्जाक घरी आला. अंगात कंपनीचा निळा ब्लेझर, खिशावर पितळी बिल्ला. दुकानाच्या पायरीशी उभा राहून म्हणाला, "चाचा, सलाम."

अब्बासभाई वर बघेनात. मशीन चालूच. शेवटी पाय थांबले. उठले, त्याच्याभोवती एक फेरी मारली, खांद्यावरून बोट फिरवलं, आणि असा आवाज चढला की समोरचा पानवाला बाहेर आला!

"खुदा कसम, बघा हे! बघा रे सगळे! माझा सेंटर फॉरवर्ड नेला तो नेला, वर त्याला कोटही धड शिवला नाही! हा खांदा आहे? हा खांदा आहे? काढ तो अंगातून!"

रज्जाक नुसत्या शर्टावर बाकावर बसून राहिला. अब्बासभाईंनी दोन्ही बाह्या उसवल्या आणि संध्याकाळपर्यंत नव्यानं लावल्या. तेवढ्या वेळात ते त्याच्याशी एक शब्द बोलले नाहीत. घरून मात्र त्याच्यासाठी जेवण मागवलं.

* * *

आणि रोमचं साल.

ऑलिंपिकची फायनल, समोर पाकिस्तान. आजवर आपण तिथं हरलोच नव्हतो. नानांच्या वाडीत रेडिओ होता, तिथं आम्ही जमलो. बातम्यांत निकाल आला. एका गोलनं हरलो. दामूनं डोक्याला बांधलेला रुमाल सोडला आणि त्यात तोंड खुपसलं. अब्बासभाई उठून अंगणात गेले आणि एका पोफळीला हात टेकून पाठमोरे उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते. आम्ही कुणी जवळ गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडं होतं. दसरा जवळ आलेला, अब्बासभाई टीमच्या नव्या जर्सी शिवायला बसले होते. आम्ही तिघं बाकावर. तेवढ्यात वखारीचा मालक शांताराम शेठ छत्री मिटून आत आला. त्याचं काही काम नव्हतं. हसत हसत म्हणाला, "काय अब्बासभाई, काल घरी शिरखुर्मा झाला असेल!"

मला आधी कळलंच नाही. कळलं तोवर, दामू उठायच्या आत नाना उठले होते. आयुष्यात आवाज न चढवलेले नाना गुप्ते! त्यांनी शांताराम शेठच्या थोबाडीत अशी ठेवून दिली की त्याची टोपी कापडाच्या ढिगात जाऊन पडली.

नानांनी पुन्हा हात उचलला. तो अब्बासभाईंनी मनगटाशी पकडला.

"हात खाली घ्या, नाना."

"अब्बास, हा माणूस काय बोलला ते ऐकलंस ना?"

"ऐकलं. मला बोलला तो. तुम्हाला नाही." अब्बासभाईंचा राग नानांवरही होता. "मला वाचवू नका. उद्या हाच सांगत सुटेल, अब्बासला गुप्त्यांनी वाचवला म्हणून."

नानांनी हात खाली घेतला.

अब्बासभाईंनी ढिगातून टोपी काढली, झटकली आणि शांताराम शेठच्या हातात दिली. त्याला खांद्याला धरून गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसवलं. माठातलं पाणी दिलं. मग समोर उभे राहिले.

"आता परत बोला, शेठ. मोठ्यानं. बाजाराला ऐकू जाऊ दे."

शांताराम शेठनं पाण्याचा पेला दोन्ही हातांनी धरला होता.

"बोला ना!"

रस्त्यावर माणसं थांबली होती. शेठ खुर्चीतून उठेना. मग अब्बासभाई मशीनवर जाऊन बसले, अर्धी राहिलेली जर्सी सुईखाली सरकवली.

"बसा निवांत," ते म्हणाले. "आठवलं की बोला. मी ऐकतोय."

आणि त्यांनी मशीन चालू केलं.