अर्जातलं रानमांजर

माझ्या बापाने एकदा न वाचता अंगठा लावला आणि आमचा तलाव गेला.

नागभीडकडच्या एका गावात आम्ही मासोळी धरून जगणारे लोक. तलाव ठेक्याने मिळायचा. ओळखीचाच एक माणूस कागद घेऊन आला. पुढच्या सालाचा ठेका पक्का करायचा आहे म्हणाला, म्हणून बापाने अंगठा दिला. त्यात लिहिलं होतं की हा माणूस आपला हक्क सोडतो आहे. त्या वर्षी बाप दुसऱ्यांच्या जाळ्यावर मजुरीने गेला, आई लोकांच्या बांधीत धान रोवायला गेली. आमच्या ताटात पेज आणि मिरची यापलीकडे काही नसायचं. घरात वाचता येणारी मी एकटी, सातवीतली, आणि नेमकी त्या वेळी शाळेत होते. बाप एवढंच म्हणाला, "तू घरी असती तं..."

तेव्हापासून आमच्या घरात सगळ्यांवरच संशय. आई दुकानदाराचा काटा दोनदा बघायची. कागद घेऊन आलेल्या माणसाला बाप बसायला सांगायचा, पण पाणी विचारायचा नाही. मी बी.ए. झाले, आमच्या घरातली पहिली. अख्ख्या मोहल्ल्याचे अर्ज मी लिहिले, आणि माझा एकही अर्ज चुकीसाठी परत आला नाही. हे मी गर्वानेच सांगते.

नोकरी लागली ती एटापल्लीला, कॉलेजच्या लायब्ररीत. भाड्याची खोली, मागे सामाईक अंगण. शेजारच्या खोलीत एक विधवा बाई राहायच्या, कोंबड्या पाळायच्या. अंगणाच्या कोपऱ्यात रचलेल्या विटांमागे एका मांजरीने पिल्लं घातली होती. मातकट रंगाची, पट्टे असलेली, हाडं दिसणारी मांजर. मी वाटीत भात आणि सुकी मासोळी कालवून ठेवली, तर ती दहा हातांवर बसून वाटीकडे नाही, माझ्याकडे बघत राहिली. मी दाराआड गेल्यावरच तिने तोंड लावलं. तेही दोन घास खायचे, मान वर करायची, परत दोन घास. महिनाभर हेच चाललं. मला तिचं वागणं बरोबर वाटायचं.

शेजारच्या बाईंना मात्र माझं वागणं बरोबर वाटत नव्हतं. त्यांची कोंबडीची पिल्लं कमी होत होती.

"शिकली-सवरली बाई तू, अन् चोट्टीले जेवू घालून राह्यली?"

"बाई, तिनंच नेलं हे कोण पाह्यलं?"

"मंग काय मी खाल्ली माही पिल्लं?"

त्यांनी सरळ सांगितलं, मांजरीची पिल्लं चालायला लागली की पोत्यात भरून नाल्यापल्याड सोडून येणार. त्या बोलल्या तसं करणाऱ्या होत्या.

चारच दिवसांनी विटांमागे बघितलं तर जागा रिकामी. मी चप्पल न घालताच त्यांच्या दारात गेले. "कुठी नेली पिल्लं? सांगा!" त्या तांदूळ निवडत होत्या. सूप खाली ठेवलं, मला मागे घेऊन गेल्या आणि स्वतःच्याच सरपणाच्या खोपीकडे बोट दाखवलं. लाकडांच्या मागे तिन्ही पिल्लं एकमेकांवर पडून झोपली होती.

"सात घरं फिरवते मांजर पिल्लाईले. तुह्या कालेजात नाई सांगत?"

मी माफी मागितली नाही. तेव्हा जमलं नाही.

पण त्या दिवशी त्यांच्याशी सौदा झाला. मी म्हटलं, मांजरीचं ऑपरेशन करून आणते, म्हणजे पुन्हा पिल्लं होणार नाहीत. या पिल्लांनाही घरं बघते. त्या म्हणाल्या, "कर. नाई झालं तं पोतं हायेच माह्याजवळ." आणि कोंबड्या बाजारात न्यायचा बांबूचा पिंजरा माझ्यासमोर आणून टाकला.

चंद्रपूरच्या एका जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, पिल्लं आपली आपण खायला लागली की आणा, एक दिवस आधी सांगा, आणि मांजरीची सगळी माहिती लिहून आणा.

मांजर पकडायची कशी, हे बापाला फोनवर विचारलं. तो आधी हसला. मग म्हणाला, "मासोळी धरतो तसंच. घाई नोको करू. तोंड उघडं ठेव, जाऊ दे, येऊ दे. तिचा भेव गेला की मंग दोरी ओढ." पिंजऱ्याच्या दाराला दोरी बांधून आठ दिवस मी वाटी रोज थोडी आत सरकवत गेले. नवव्या दिवशी संध्याकाळी दोरी ओढली. मांजरीने पिंजऱ्यात अशी उसळी घेतली की दोन कामट्या मोडल्या. शेजारच्या बाईंनी वरून तार गुंडाळली आणि म्हणाल्या, "आता सुटली तं मराले येईल, पण या पिंजऱ्यात नाई येनार." ते मलाही कळत होतं. ही एकच संधी होती.

पिल्लं बाईंच्या भरवशावर सोडावी लागली. सकाळी सहाच्या बसमध्ये बसले तेव्हा माझ्या डोक्यात ऑपरेशन नव्हतं, ते पोतं होतं.

वाटेत जंगल खात्याच्या नाक्यावर बस थांबली. एक गार्ड आत चढला, सागवान नाहीतर शिकारीचं मटण कोणी नेतंय का बघायला. माझ्या पायाशी चादरीने झाकलेला पिंजरा गुरगुरला.

"याच्यात काय हाये?"

"मांजर आहे. ऑपरेशनला नेते आहे," मी म्हटलं आणि पिशवीतून डॉक्टरांसाठी अर्जासारखा लिहिलेला माझा कागद काढून दिला. कागद दाखवला की काम होतं, हा माझा अनुभव.

त्याने वाचला. चादर वर केली, पट्टे बघितले. परत वाचला.

"मॅडम, खाली उतरा."

"का म्हणून?"

"तुम्हीच लिवलं न इथी. 'रानमांजर, मादी, तीन पिल्ले.' रानमांजर म्हंजे वन्यप्राणी. बसमधून नेता येत नाई."

कोणाच्या घरची नाही, हाताला येत नाही, उघड्यावर राहते, एवढं सगळं एका शब्दात बसवायला मी रात्री अर्धा तास घालवला होता. 'रानटी' बरं दिसत नव्हतं, म्हणून 'रानमांजर' लिहिलं. शब्द ऐटबाज होता, पण तो दुसऱ्याच जनावराचा.

"बाई, उतरता का बसता?" कंडक्टर ओरडला. "गाडी लेट होऊन राह्यली."

मी उतरले. बस गेली. गार्ड म्हणाला, साहेब येऊन बघतील, तोवर जनावर इथेच राहील. कदाचित खात्याच्या ताब्यात जाईल. मी म्हटलं, हिची पिल्लं आता कुठे खायला लागली आहेत, अजून पितातही, ही परत गेली नाही तर त्यांचं कठीण आहे. "सगळे असंच सांगतात, मॅडम," तो म्हणाला. त्याची नजर मला ओळखीची होती. आमच्या घरात आम्ही लोकांकडे तशाच नजरेने बघायचो.

साडेदहाला वनपाल आले. पिंजऱ्याशी उकिडवे बसून त्यांनी बघितलं.

"कोण म्हणलं हे रानमांजर? रानमांजराचे पाय लांब, शेपूट आखूड. हिची शेपूट पहा केवढी हाये! गावची मांजर हाये ही."

"यायनंच लिवलं, साहेब," गार्ड म्हणाला. "खाली सही बी हाये."

वनपालांनी माझ्याकडे बघितलं. "मॅडम, शिकलेल्या आहात?"

"बी.ए.," मी म्हटलं. इतक्या हळू आवाजात मी ते कधीच सांगितलं नव्हतं.

"मग साधं लिवा न."

गार्डचा पेन घेऊन, गुडघ्यावर कागद ठेवून मी लिहिलं: 'घरामागची मांजर. हाताला येत नाही. पिल्लं तीन.' सही करायच्या आधी तीनदा वाचलं. डॉक्टरांना फोन केला, ते तीनपर्यंत थांबतो म्हणाले. पुढच्या बसमध्ये मला गार्डनेच बसवून दिलं आणि पिंजरा उचलून आत ठेवला. चादर मात्र जाताना पुन्हा एकदा वर करून बघितली.

ऑपरेशन त्याच दिवशी झालं. दुसऱ्या संध्याकाळी एटापल्लीला उतरले आणि घरी न जाता आधी बाईंच्या खोपीत डोकावले. तिन्ही पिल्लं होती, पोटं तट्ट फुगलेली. बाईंच्या हातात मासोळीच्या रश्श्यात कालवलेला भात होता.

"काय पायते? मोजून घे," त्या म्हणाल्या.

मी मोजलं. मग म्हटलं, "बाई, त्या दिवशी मी चुकले."

"माईत हाये मले," त्या म्हणाल्या, आणि पिंजऱ्याची तार सोडायला बसल्या.

कोंबडीची पिल्लं कोण न्यायचं ते कधीच कळलं नाही. बाईंचा अजून मांजरीवर संशय आहे, माझा मुंगसावर. या गोष्टीला दोन वर्षं झाली. मांजरीला पुन्हा पिल्लं झाली नाहीत. एक पिल्लू कॉलेजच्या शिपाईभाऊंनी नेलं, एक चिमूरला माझ्या मैत्रिणीकडे गेलं, एक बाईंनी स्वतः ठेवून घेतलं. तिन्ही जगली.